विरळ प्रकाशाचा दाट प्रकाश



प्रकाशानें पोलादाचा पत्रा कापतां येतो, ही गोष्ट आतां कोणास नवलाची राहिलेली नाहीं. पुण्याजवळ भोसरी-चाकणकडे, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला, अगदीं लहान लहान कारखान्यांतूनहि हें काम रोज चालतें. आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील कितीतरी मुलें आय.टी.आय. पुरी करून याच यंत्रांपुढें उभीं राहतात. सणावारीं घरीं आलीं म्हणजे अभिमानानें सांगतात, "आमची मशीन तीन किलोवॅटची आहे," आणि ऐकणारीं माणसें मान डोलावतात. परंतु तीन किलोवॅट म्हणजे तरी किती? आपल्या न्हाणीघरांतील गीझर दोन-तीन किलोवॅटचाच असतो. तो बादलीभर पाणी ऊन करतो, आणि तेवढ्याच शक्तीचा प्रकाश बोटभर जाडीचें पोलाद चिरीत जातो! शक्ति तीच, मग अंतर कशानें पडलें? एवढाच प्रश्न आज मी आपल्यापुढें घेणार आहें. मी पदवीधर नव्हें. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेंत शिकविलें. त्यामुळें समीकरणांपेक्षां दाखल्यांवर माझी भिस्त अधिक राहील. पण प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. त्या मुलांच्या डोळ्यांचा संबंध त्याच्याशीं पोंचतो, तो कसा तें ओघानें येईलच.

आश्विनांत तुळजापुरास गेलेल्यांनीं दर्शनाची गर्दी पाहिलेली असते. द्वार एकच आणि त्याची रुंदी ठरलेली. सारे लोक एकाच दिशेला तोंड करून, एकामागें एक चालले तर त्या द्वारांतून हजारों माणसें सहज आंत जातात. तींच माणसें आडवीं, तिरकीं, वाटेल त्या बाजूनें लोटूं लागलीं म्हणजे दार तेवढेंच आणि माणसेंहि तेवढींच, परंतु आंत कोणीच जाईना. प्रकाशाचेंहि असेंच आहे. किती शक्ति, किती लहान जागेंतून आणि किती थोड्या फैलावानें जाते, या तिन्हींचा मिळून जो हिशेब, त्यास तेजस्विता म्हणतात. विजेच्या दिव्याचा प्रकाश सर्व दिशांस उधळलेला असतो. पत्रा कापणारा किरण मात्र केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यांत मावतो आणि तरीहि सरळ चालतो. गीझरची शक्ति पसरलेली आहे, याची दाटलेली आहे.

येथें कोणी म्हणेल, मग विरळ प्रकाश भिंगानें एकवटावा, म्हणजे झालें. लहानपणीं आपण भिंगानें कागद पेटविला नव्हता काय? पेटविला होता खरा. पण निसर्गाचा एक नियम येथें आडवा येतो. भिंगानें किंवा आरशानें प्रकाश जितक्या लहान जागीं आणावा तितका त्याचा फैलाव वाढतो. एका हातानें दिलेलें तो दुसऱ्या हातानें काढून घेतो. जगांतील मोठ्यांत मोठें भिंग आणलें तरी त्याखालचा ठिपका सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक तापणार नाहीं. तसा तापला असता तर थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे उष्णता आपोआप वाहूं लागली असती, आणि उन्हाळ्यांत माठांतल्या पाण्यावर चुलीवरची कढी उकळली असती! भिंगें आणि आरसे तेजस्विता फार तर राखूं शकतात. वाढवूं शकत नाहींत. ती वाढवावयाची तर वेगळा उपाय हवा.

पत्रा कापणाऱ्या यंत्रांच्या पहिल्या पिढीनें हा उपाय वायूंत शोधला होता, आणि त्या शोधाचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांतून १९५८ सालीं पदवी घेऊन ते अमेरिकेस स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले, आणि १९६४ सालीं बेल प्रयोगशाळेंत त्यांनीं कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. पुढें कित्येक दशकें जगांतील कारखान्यांनीं धातु कापला तो मुख्यतः या लेसरानें. त्याच्या दोन अडचणी होत्या. घेतलेल्या विजेचा सुमारें दहावा हिस्साच प्रकाशरूपानें पदरांत पडे, आणि त्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असल्यामुळें तो साध्या कांचेंतून पार जात नसे. यंत्राच्या तोंडापर्यंत त्यास आरशांच्या आधारानें, कोपऱ्याकोपऱ्यांवर वळवीत न्यावें लागे. आरसा जरा हलला कीं काम बिघडलें.

आज त्याची जागा बहुतेक ठिकाणीं कांचतंतूच्या लेसरानें घेतली आहे, आणि या नव्या लेसरास शक्ति पुरविणारा नोकर म्हणजे डायोड लेसर. तांदळाच्या दाण्याहूनहि बारीक, गॅलियम, आर्सेनिक इत्यादि द्रव्यांची ही चिप. तींतून वीज सोडली कीं प्रकाश बाहेर पडतो. अमेरिकेंत रॉबर्ट हॉल यांनीं १९६२ सालीं पहिला डायोड लेसर चालविला, तेव्हां तो कडाक्याच्या थंडींत ठेवावा लागे आणि क्षणिक झटक्यांनींच प्रकाश देई. खोलींतील साध्या तपमानावर अखंड चालणारा डायोड १९७० सालीं झाला. आजची एक चिप दहा वॅट आणि त्याहूनहि अधिक प्रकाश देते, आणि घेतलेल्या विजेचा अर्धा किंवा अधिक हिस्सा प्रकाशांत उतरविते. मिळकत उत्तम, मात्र प्रकाशास शिस्त नाहीं. ज्या तोंडांतून तो बाहेर येतो तें सुमारें १०० मायक्रॉन रुंद व जेमतेम एक मायक्रॉन उंच असतें. उंचीच्या बाजूस प्रकाश पुष्कळ फांकतो, पण व्यवस्थित फांकतो. एक बारीक भिंग त्यास सरळ करूं शकतें. रुंदीच्या बाजूस मात्र अनेक वाटांचा गोंधळ असतो आणि तो कोणत्याहि भिंगास आवरत नाहीं. तुळजापूरची लोटालोट ती हीच.

तेव्हां अशा शेंकडों चिपांचा विरळ प्रकाश घेऊन त्याचा दाट प्रकाश करावयाचा, असें हें कार्य आहे. कांचेच्या तंतूंत प्रकाश वाढवितां येतो हें एलायस स्निट्झर यांनीं १९६१ ते १९६४ या काळांतच दाखवून दिलें होतें. पण तंतूचा गाभा इतका बारीक, कीं त्यांत बाहेरचा विरळ प्रकाश शिरावा कसा? त्यावरची युक्ति स्निट्झर व त्यांचे सहकारी यांनींच १९८८ सालीं मांडली, आणि ती कळल्यावर इतकी सोपी वाटते कीं ती निघावयास चोवीस वर्षें कां लागलीं, असें मनांत येतें. त्यांनीं तंतूस दोन आवरणें दिलीं. मध्यें गाभा, समजा २० मायक्रॉन व्यासाचा. त्याच्या कांचेंत इटर्बियम नांवाच्या धातूचे अणु विरघळलेले. त्याभोंवतीं ४०० मायक्रॉन व्यासाचें शुद्ध कांचेचें आवरण. त्याबाहेर आणखी एक आवरण, प्रकाशास आंतल्या आंत परतविणारें. डायोडांचा गोंधळलेला प्रकाश गाभ्यांत न घालतां या रुंद मधल्या आवरणांत ओतावयाचा. तेथें तो भिंतींवर आपटत, वळत पुढें जातो आणि जातां जातां वारंवार गाभा ओलांडतो. प्रत्येक खेपेस इटर्बियम त्यांतला थोडा थोडा पिऊन घेतें.

यांत एक गंमत आहे. मधलें आवरण अगदीं वाटोळें केलें तर कांहीं किरण गाभ्याभोंवतीं फिरतच राहतात, जणूं देवळांत येऊन प्रदक्षिणाच घालीत बसावें आणि गाभाऱ्यांत पाऊलच टाकूं नये! म्हणून तें आवरण मुद्दाम अष्टकोनी किंवा तशाच कोनेदार आकाराचें करतात. कोनावर आपटला कीं किरणाची वाट मोडते आणि केव्हांना केव्हां त्यास दर्शन घडतेंच.

प्रकाश प्यालेले इटर्बियमचे अणु शक्ति धरून बसतात. गाभ्यांतून एखादा शिस्तीचा किरण गेला कीं वाटेंतला एकेक अणु आपली शक्ति त्याच दिशेनें, त्याच तालावर त्यांत मिसळून देतो. गाभा इतका बारीक कीं तिरक्या वाटेस तेथें जागाच नाहीं. तंतूच्या दोन्ही टोंकांस आरशांचें काम तंतूंतच कोरलेल्या सूक्ष्म रेघा करतात. प्रकाश आंत शिरला ४०० मायक्रॉनच्या दारानें आणि बाहेर आला २० मायक्रॉनच्या. व्यास वीस पटींनीं घटला म्हणजे क्षेत्रफळ चारशें पटींनीं घटलें, शिवाय फैलावहि आवरला. एकंदरींत तेजस्विता हजारों पटींनीं वाढली.

मग तो निसर्गाचा नियम मोडला काय? नाहीं. आमच्या जिल्ह्यांत भूमकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीच्या खव्याचें नांव पुण्या-मुंबईसहि माहीत आहे. दूध कितीहि गाळलें तरी त्याचा खवा होत नाहीं. जळण द्यावें लागतें आणि पाणी वाफ होऊन जाऊं द्यावें लागतें. भिंग म्हणजे गाळणें आहे. इटर्बियम ही भट्टी आहे. तें ९७६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घेतें व सुमारें १०७० नॅनोमीटरचा देतें. म्हणजे प्रकाशाच्या प्रत्येक कणामागें शंभरांतले नऊ भाग उष्णता होऊन जातात, आणि ही किंमत मोजल्यावरच निसर्ग दाटपणा देतो. खव्याच्या मानानें हा आट क्षुल्लक म्हणावयाचा. तेथें पांचेक लिटर दुधाचा कसाबसा किलोभर खवा उतरतो.

आतां या विषयांतील खरी मेख. तंतु जर विरळ प्रकाश पचवूं शकतो, तर डायोड तेजस्वी असावेत म्हणून जगांतील कारखानदार एवढी धडपड कां करतात? कारण असें कीं विरळ प्रकाशास रुंद आवरण लागतें. आवरण रुंद केलें कीं त्या मानानें गाभ्याचा हिस्सा लहान होतो, प्रकाश गाभ्यास क्वचित् भेटतो, आणि सारा प्रकाश पिऊन होण्यास तंतु लांबवावा लागतो. तंतु लांबविला कीं दाट झालेला प्रकाश त्या बारीक गाभ्यांतून पुष्कळ अंतर चालतो आणि कांचेच्या रेणूंस डिवचूं लागतो. त्याचा कांहीं भाग नको त्या तरंगलांबीचा होऊन बसतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं कलकत्त्यास १९२८ सालीं ज्या परिणामाचा शोध लावला, तोच हा. ज्या शोधानें भारतास नोबेल पारितोषिक मिळवून दिलें तो या कामांत विघ्न होऊन उभा राहतो! तें विघ्न टाळण्यास तंतु आंखूड हवा. तंतु आंखूड हवा तर आवरण अरुंद हवें. आणि अरुंद आवरणांत तेवढीच शक्ति भरावयाची तर ती देणारा डायोड अधिक तेजस्वी हवा. आंकड्यांत सांगावयाचें तर, आवरणाचा व्यास ४०० वरून २०० मायक्रॉनवर आणला कीं वीस मीटर तंतूचें काम पांच मीटरांत होतें. पण डायोडांचा प्रकाश चौपट तेजस्वी असावा लागतो. लेसर किती शक्तीचा होईल, याचा निकाल अशा रीतीनें तंतूच्या आधीं डायोडापाशींच लागतो.

हे तेजस्वी डायोड नुसते एकाशेजारीं एक मांडून होत नाहींत. चिपा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें एकीपेक्षां दुसरी किंचित् उंच अशा बसवितात. प्रत्येकीपुढें भिंग, प्रत्येकीस लहानसा आरसा. एकेका चिपेचा प्रकाश म्हणजे पातळ पान; तीं पानें पुस्तकासारखीं एकावर एक, मध्यें फट न ठेवतां रचावयाचीं. मग असे दोन गठ्ठे घेऊन, एकांतील प्रकाशाचें कंपन उभें व दुसऱ्यांतील आडवें करून, ते एकाच जागीं एकावर एक चढवितात. एकाच कापडांत उभे आणि आडवे धागे सुखानें नांदतात, तसे हे दोन प्रकाश एका जागेंत मावतात. एवढें करून सारा प्रकाश १०० ते २०० मायक्रॉन गाभ्याच्या एका तंतूंत घालतात. तळहाताएवढ्या डबीतून असा शेंकडों वॅट प्रकाश निघतो, आणि अशा अनेक डब्यांचे तंतु एकत्र वितळवून मुख्य तंतूस जोडले जातात. बाकीच्या यंत्राची भपकेबाज पेटी पाहून लोक थक्क होतात. माझ्या मतें थक्क व्हावें तें या पायऱ्यांकडे पाहून.

डायोडांची तेजस्विता कमी पडली तर काय करावें लागतें, त्याचें एक नामांकित उदाहरण आहे. अमेरिकेंतील आय.पी.जी. कंपनीनें २००९ सालीं एकाच तंतूंतून, एकाच सरळ वाटेनें जाणारा १० किलोवॅटचा किरण काढून दाखविला. त्यांत शेवटच्या तंतूस शक्ति डायोडांनीं प्रत्यक्ष दिली नव्हती. डायोडांनीं आधीं १०१८ नॅनोमीटरचे लहान तंतु-लेसर चालविले, आणि त्यांच्या दाट प्रकाशानें मोठा तंतु चालविला. एकदां आटविलेलेंच पुन्हां भट्टीवर चढविलें म्हणावयाचें. त्यांत शेवटच्या तंतूंतील उष्णता कमी होते हाहि फायदा, पण मधल्या दलालाचा खर्च पडतो तो पडतोच.

आणखी एक खोड सांगून पुढें जातों. इटर्बियम ९७६ नॅनोमीटरवरचा प्रकाश मनसोक्त पितें, परंतु त्या आंकड्याच्या इकडे तिकडे दोन-चार नॅनोमीटर सरकलें कीं त्याची रुचि एकदम कमी होते. डायोडाची तरंगलांबी तर तपमानाबरोबर सरकते, अंशागणिक सुमारें ०.३ नॅनोमीटर. मराठवाड्याच्या वैशाखांत पारा चाळिसावर गेला आणि यंत्राशेजारचें पाणी थंड करणारें चिलर नीट चाललें नाहीं, तर प्रकाश तेवढाच असूनहि इटर्बियमच्या तोंडचा घांस चुकतो. म्हणून कांहीं डायोडांत तरंगलांबी एका जागीं जखडून ठेवणारा खास कांचेचा तुकडा बसवितात. दुसरे कारखानदार ९१५ नॅनोमीटरची वाट धरतात. तेथें इटर्बियमची रुचि मंद पण विस्तृत असते, मात्र तंतु पुन्हां लांबतो.

घरगुती श्रोत्यांस वाटेल, हें सारें कारखान्यांतलें. तसें नाहीं. आपण मुलाशीं परदेशीं बोलतों तें बोलणें मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राखालच्या कांचतंतूंतून जातें, आणि वाटेंत मंदावणारा प्रकाश ठरावीक अंतरावर पुन्हां वाढवावा लागतो. तेथेंहि तंतूच्या गाभ्यांत एका धातूचे, एर्बियमचे, अणु असतात आणि त्यांस ९८० नॅनोमीटरचा डायोड शक्ति देतो. एर्बियमच्या तंतूंत प्रकाश वाढविणें १९८७ च्या सुमारास सिद्ध झालें. समुद्राच्या तळाशीं कोणी दुरुस्तीस जाणार नाहीं म्हणून वर्षानुवर्षें टिकणारे डायोड करावे लागले, आणि ती विद्या मग पत्रा कापणाऱ्यांच्या कामीं आली. आमच्या मराठवाड्यांतच, हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेंतील लायगोंत जो लेसर वापरतात त्यासहि डायोडच शक्ति देतात; त्याचा उगम मात्र तंतूंत नसून एका स्फटिकांत आहे, कारण तेथें कापण्याच्या जोरापेक्षां प्रकाशाचें निश्चल राहणें अधिक मोलाचें.

आतां डोळ्यांविषयीं. पटेल यांच्या लेसराचा १०.६ मायक्रॉनचा प्रकाश डोळ्यांत आंत शिरत नाहीं. बुबुळापुढचा पारदर्शक पडदा त्यास पृष्ठभागींच शोषून घेतो. इजा होते, पण ती बाहेरच होते आणि ताबडतोब झोंबते. साधा ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्राहि तो प्रकाश अडवितो. तंतु-लेसराचा १०७० नॅनोमीटरचा प्रकाश तितकाच अदृश्य. पण त्यास डोळा कांचेसारखा पारदर्शक असतो. बुबुळाच्या भिंगांतून तो सरळ आंत जातो, आणि भिंग आपल्या धर्माप्रमाणें त्यास मागच्या पडद्यावर बारीक ठिपक्यांत एकवटतें. शिस्तीच्या प्रकाशास असें एकवटणें सहज साधतें. ज्या गुणामुळें पोलाद कापलें जातें त्याच गुणामुळें बाहुलीशीं असलेला दाटपणा त्या पडद्यावर लाखभर पटींनीं वाढतो. दिसत नसल्यामुळें पापणी मिटत नाहीं. त्या पडद्यास वेदना कळविणारे ज्ञानतंतु नसल्यामुळें दुखतहि नाहीं. आणि तेथें जळलेला भाग पुन्हां येत नाहीं.

जुन्या वायु-लेसरावर हात बसलेल्या कारागिरास हें अंतर कोणी सांगितलें नाहीं तर तो जुन्याच ॲक्रिलिकच्या भरंवशावर राहतो, आणि १०७० नॅनोमीटरचा प्रकाश त्या ॲक्रिलिकमधून खुशाल पार होतो. बंद पेटीच्या यंत्रांत खिडकीची कांच त्यासाठीं वेगळी असते. परंतु आतां हातांत धरून जोडकाम करावयाचीं दीड-दोन किलोवॅटचीं तंतु-लेसर यंत्रें लहान दुकानांतहि आलीं आहेत, आणि तेथें पेटी नाहीं. ॲल्युमिनियम, पितळ, तांबें यांच्या चकचकीत पृष्ठावरून किरण परततो तो कोणाच्या दिशेनें, हें दिसत नाहीं. अशा एका दुकानांत मीं चष्मे खिळ्याला टांगलेले पाहिले. घामानें कांच धुरकटते म्हणून ते काढून ठेवलेले. तेथील मुलगा माझाच जुना विद्यार्थी, त्याला विचारलें तर म्हणाला, "गुरुजी, उजेड दिसतच नाहीं, मग डोळ्याला लागंल कसा?" वीस वर्षांच्या मुलानें असें म्हणावें यांत त्याचा दोष थोडा, त्यास यंत्र विकणाऱ्यानें आणि कामावर ठेवणाऱ्यानें तेवढें तरी सांगावयास हवें होतें.

या कामाचा खरा चष्मा ओळखावयास सोपा आहे. नुसती काळी किंवा रंगीत कांच कामाची नाहीं. ठिणग्यांचा झगमगाट कमी करणाऱ्या काळ्या कांचेंतून अदृश्य प्रकाश किती पार होतो हें डोळ्यांनीं पाहून ठरत नाहीं. खऱ्या चष्म्याच्या कांचेवर किंवा दांडीवर दोन गोष्टी छापलेल्या असतात. पहिली, तो कोणत्या तरंगलांबीपासून कोणत्या तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश अडवितो. त्या दोन आंकड्यांच्या मध्यें १०७० यावयास पाहिजे. दुसरी, ओ.डी. या अक्षरांपुढील आंकडा. सहा असेल तर पडलेल्या प्रकाशाचा दहा लाखावा हिस्सा पार होतो, सात असेल तर कोटीवा. ज्या चष्म्यावर १०६०० नॅनोमीटर एवढाच आंकडा आहे तो पटेल यांच्या लेसराचा चष्मा होय. तंतु-लेसरापुढें तो घातला काय आणि खिळ्याला टांगला काय, सारखेंच.